तेलाची गाडी आणि तेलाचा नळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहितो. मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झालो आणि वर्ध्यातच राहिलो. अशा माणसाने खनिज तेलाच्या वाहतुकीवर बोलावे याचे आपल्याला नवल वाटेल. पण माझे सारे बालपण तेलाच्या वासात गेले आहे. माझे अब्बा टँकर चालवत. ते घरी आले की आधी वास यायचा आणि मग माणूस दिसायचा. त्यांचे कपडे अम्मी वेगळ्या बादलीत भिजवायची. तरी ईदच्या नव्या सदऱ्यालाही दोन दिवसांत तोच वास लागायचा.

१९८० च्या आसपासची गोष्ट. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. नाताळच्या सुट्टीत अब्बांनी मला गाडीवर सोबत नेले. टाकीत फर्नेस ऑइल होते. कारखान्याच्या भट्टीत जाळतात ते जाड, काळे तेल. ड्रायव्हर मंडळी त्याला नुसते 'काला तेल' म्हणत. रात्रभर कडाक्याची थंडी होती. पहाटे आपल्याच जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या फाटकात पोहोचलो. अब्बांनी व्हॉल्व्ह उघडला आणि बाहेर काहीच आले नाही. थोड्या वेळाने डांबरासारखी एक जाड धार लोंबू लागली आणि तीही मध्येच थांबली.

मी अब्बांकडे पाहिले. ते हसले आणि म्हणाले, "तेल को ठंड लगी, बेटा. इसको भी रजाई होना."

तेवढ्यात क्लीनरने काठीला चिंध्या गुंडाळल्या, डिझेलमध्ये बुडवून पेटवल्या आणि ती मशाल घेऊन तो टाकीखाली निघाला. अब्बांनी ती त्याच्या हातून हिसकावून मातीत खुपसली. मग कारखान्याच्या बॉयलरमधून वाफ मिळेपर्यंत आम्ही तीन तास बसून राहिलो. अशा टाकीच्या पोटात लोखंडी नळ्यांचे वेटोळे असते. त्यातून वाफ फिरवली की तेल सैल होते. वाफेची नळी जोडताना अब्बांच्या मनगटावर चटका बसला. तो डाग अजून आहे. पुढे मी जे काही वाचले त्याची सुरुवात त्या तीन तासांत झाली. जे तेल वाहायलाच तयार नाही, ते माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो तरी कसे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

जमिनीतून निघणारे तेल सगळीकडे सारखे नसते. कुठे ते पाण्यासारखे पातळ असते, तर कुठे काकवीसारखे घट्ट. काही तेल मुळातच जड असते. काही तेल तसे हलके, पण त्यात मेणाचा अंश इतका की जमिनीखालच्या उष्णतेतून वर आले आणि गार झाले की थिजते. थंडीत आपल्या घरातली खोबरेल तेलाची बाटली थिजते, तसेच. दोघांची कारणे वेगळी, पण नेणाऱ्याची अडचण एकच.

शिवाय तेलक्षेत्र म्हणजे एक विहीर नव्हे. आपल्याकडे शिवारभर विहिरी विखुरलेल्या असतात तशा तिथे तेलविहिरी असतात. प्रत्येक विहिरीचे तेल एका मध्यवर्ती केंद्रावर गोळा करायचे, तिथे त्यातले पाणी आणि वायू वेगळे करायचे आणि मग ते शुद्धीकरण कारखान्याकडे धाडायचे. विहिरीपासून केंद्रापर्यंत आणि केंद्रापासून पुढे तेल नेण्याचे जमिनीवर दोन मुख्य मार्ग आहेत. एक गाडी आणि दुसरा नळ. या दोघांचे भांडण दीडशे वर्षांहून जुने आहे.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १८५९ साली एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागले आणि तिथे तेलाची झुंबड उडाली. तेल लाकडी पिंपांत भरायचे आणि घोडागाड्यांतून नदीपर्यंत किंवा रेल्वेपर्यंत न्यायचे. रस्ते म्हणजे गुडघाभर चिखल. घोडे त्यात रुतून मरत. गाडीवाल्यांशिवाय तेल हलत नसे, म्हणून ते मागतील तो दर द्यावा लागे. पिटहोल नावाच्या गावातून जेमतेम आठ किलोमीटरवरच्या रेल्वेपर्यंत एक पिंप न्यायला तीन डॉलर किंवा त्याहूनही जास्त पडत.

१८६५ साली सॅम्युएल व्हॅन सिकल नावाच्या तेलव्यापाऱ्याने पिटहोलपासून रेल्वेपर्यंत दोन इंच व्यासाचा लोखंडी नळ टाकला. लोक त्याला हसले. पण पंप सुरू झाले आणि तासाला ऐंशी पिंपांच्या आसपास तेल नळातून वाहू लागले. तीनशे गाड्या दिवसभर राबून जेवढे काम करत, तेवढे तो नळ करतो असा हिशेब तेव्हा मांडला गेला. पिंपाचा दर एका डॉलरवर आला. गाडीवाल्यांना आपले भविष्य दिसले. रात्री जाऊन त्यांनी नळ उखडले, सांधे तोडले. शेवटी नळावर बंदूकधारी पहारेकरी ठेवावे लागले. नळ टिकला, गाड्या गेल्या. पुढे काही वर्षांत विहिरीच आटल्या आणि पिटहोलही ओसाड पडले.

तेरा वर्षांनी हीच कथा कास्पियन समुद्राकाठच्या बाकूत घडली. बालाखानीच्या विहिरींतून बाकूच्या कारखान्यांपर्यंतचे अंतर दहा-एक किलोमीटरचे. तेल नेणारे गाडीवान बहुतेक तिथलेच मुसलमान. त्यांच्या गाडीला अरबा म्हणत. दोनच चाके, पण माणसापेक्षा उंच. या गाड्यांतून तेलाची पिंपे आणि कातडी बुधले जात. नोबेल बंधू तिथे तेलाच्या धंद्यात उतरले होते. ज्यांच्या नावाचे पारितोषिक आहे त्या आल्फ्रेड नोबेल यांचे हे भाऊ, लुडविग आणि रॉबर्ट. सर्व कारखानदारांनी मिळून नळ टाकावा असे लुडविग यांनी सुचवले. बाकीच्यांनी नकार दिला. मग १८७८ साली नोबेलांनी स्वतःच नळ टाकला. त्याची आखणी व्लादिमीर शुखोव्ह या पंचविशीतल्या रशियन इंजिनिअरची होती. गाडीवान आणि पिंपे बनवणारे कारागीर चवताळले. नळाच्या वाटेवर टेहळणीचे मनोरे बांधून कोसॅक शिपाई बसवावे लागले. नळाचा खर्च लवकरच भरून निघाला आणि ज्यांनी नकार दिला होता तेही नळ टाकू लागले. त्या अरबावाल्यांचे पुढे काय झाले, हे मात्र मला कोणत्याच पुस्तकात सापडले नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने शुखोव्हची आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. तेलातून घासलेट काढून घेतल्यावर जो जड, काळा गाळ उरतो त्याला तिकडे मझूत म्हणतात. अब्बांच्या 'काल्या तेला'चाच तो भाऊ. मझूत आधी तापवून, सैल करून मग नळातून ढकलण्यावर शुखोव्हने काम केले. जड तेलाला रजाई लागते हे त्याने गणिताने मांडले.

आता आपल्याजवळ येऊ. ब्रह्मदेशात इरावती नदीकाठी येनांगयाउंग नावाचे गाव आहे. या नावाचा अर्थच 'वास येणाऱ्या पाण्याचा ओढा' असा सांगतात. तिथे लोक शतकानुशतके हाताने विहिरी खणून तेल काढत. मातीच्या घड्यांत भरून ते बैलगाडीने नदीवर नेत आणि तिथून होड्यांनी देशभर पाठवत. इंग्रजांच्या काळात बर्मा ऑइल कंपनी आली. १९०९ च्या सुमारास तिने तिथून रंगूनजवळच्या सिरियमच्या कारखान्यापर्यंत चारशे किलोमीटरहून लांब पाइपलाइन टाकली. त्याच इरावतीच्या वरच्या अंगाला, मंडालेच्या तुरुंगात, तेव्हा लोकमान्य टिळक होते.

या ब्रह्मी तेलाचे घासलेट होऊन पत्र्याच्या डब्यांतून ते आपल्याकडे यायचे. 'घासलेट' हा आपला शब्दसुद्धा 'गॅसलाइट' या इंग्रजी शब्दाने मराठीत घेतलेला जन्म आहे. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, वर्धा स्टेशनवरून व्यापाऱ्यांचा माल बंडीत घालून गावोगाव पोहोचवत. जाताना कापसाच्या गाठी आणि येताना घासलेटचे डबे. दादांची बंडी, अब्बांचा टँकर. आमच्या घराण्याचा इतिहास हा असा चाकांवरचा आहे.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात कच्च्या तेलाची पहिली मोठी पाइपलाइन आसामात झाली. नहारकटियाचे तेल १९६२ मध्ये गुवाहाटीपर्यंत आणि १९६४ मध्ये थेट बिहारमधल्या बरौनीपर्यंत नळातून जाऊ लागले. लांबी ११५७ किलोमीटर. हे तेल मेणाचे. हिवाळ्यात नळातच थिजण्याची भीती. त्यावर एक वेगळा उपाय केला गेला. तेल आधी चांगले तापवायचे आणि मग ठरावीक गतीने हळूहळू गार करायचे. असे केल्याने मेणाचे स्फटिक एकमेकांत गुंतून जाळे करत नाहीत आणि गार तेलही वाहते राहते. गुळाचा पाक किती तापवायचा आणि कसा निववायचा यावर ढेप कशी उतरेल ते ठरते, हे गुऱ्हाळावर बसलेल्या माणसाला माहीत असते. हा त्याच जातीचा शहाणपणा आहे.

महाराष्ट्राच्या वाट्याला तेल आले ते समुद्रात. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या तरंगत्या फलाटाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. पण नळ कुठे होता? पहिली दोन वर्षे तेल जहाजांत भरून किनाऱ्यावर आणले गेले. समुद्रावरचा टँकर म्हणजेच ते जहाज. पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाज जागेवर ठेवून तेल भरणे अवघड होई आणि जहाज भरले नाही की विहिरीचे तोंड आवळावे लागे. १९७८ मध्ये समुद्राच्या तळावरून उरणपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटरची पाइपलाइन झाली आणि पावसाळ्याची ही अडवणूक संपली.

खऱ्या अर्थाने जड तेल पाहायचे तर शेजारच्या गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यात जावे लागते. तिथल्या बालोल आणि सांथाल क्षेत्रांतले तेल इतके घट्ट की ते विहिरीकडे सरकतच नाही. १९९० च्या दशकात तिथे जमिनीच्या पोटातच आग लावण्याची पद्धत वापरात आली. वरून हवा दाबायची, खालचे थोडे तेल जाळायचे आणि त्या उष्णतेने उरलेले तेल सैल करून बाहेर काढायचे. वर आल्यावरही अशा तेलाची अडचण संपत नाही. ते नळातून न्यायचे तर जगभर तीन-चार युक्त्या आहेत. पहिली, तापवणे. दुसरी, त्यात हलके तेल मिसळणे. कॅनडातले डांबरासारखे तेल असेच पातळ करून पाठवतात. तिसरी, पाण्यात त्याचे बारीक थेंब करून दुधासारखे मिश्रण बनवणे. व्हेनेझुएलाने ही पद्धत व्यापारी प्रमाणावर चालवून दाखवली. चौथी मला फार आवडते. नळाच्या आतून कडेकडेने पाण्याचा पातळ थर सोडायचा आणि मधून जड तेल न्यायचे. तेल नळाला शिवतच नाही, पाण्यावरून घसरत जाते.

गाडी आणि नळ यांच्यातला फरक आपल्या काळात सर्वांत स्पष्ट दिसला तो राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यात. २००४ मध्ये तिथे मंगला हे तेलक्षेत्र सापडले. तेल मेणाने भरलेले. २९ ऑगस्ट २००९ रोजी उत्पादन सुरू झाले तेव्हा पाइपलाइन पूर्ण झालेली नव्हती. म्हणून सुरुवातीला गरम तेल टँकरांत भरून गुजरातच्या बंदराकडे नेले गेले. २०१० मध्ये उत्पादन दिवसाला सव्वा लाख बॅरलवर गेले. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. आपणच हिशेब करा. दिवसाचे जवळजवळ दोन कोटी लिटर झाले. एका टँकरमध्ये वीस हजार लिटर धरले तर रोज हजार टँकर भरून जायचे आणि तेवढेच रिकामे परत यायचे. कोणता रस्ता हे सोसेल?

त्याच वर्षी गुजरातमधल्या सलायापर्यंत पाइपलाइन सुरू झाली. पुढे ती भोगातच्या किनाऱ्यापर्यंत गेली. एकूण लांबी सुमारे ६७० किलोमीटर. या नळाला उष्णता धरून ठेवणारे जाड आवरण आहे. आवरणाच्या आत, नळाला चिकटून पोलादाची बारीक नळी आणि तिच्यात विजेची तार. वीज खेळली की ही नळी तापते आणि तेल ६५ अंशांच्या खाली जात नाही. वाटेत ठिकठिकाणी तापवणारी केंद्रे आहेत आणि त्यांना लागणारा वायू नेणारी दुसरी लहान पाइपलाइन शेजारून जाते. अखंड तापवली जाणारी जगातली सर्वांत लांब पाइपलाइन म्हणून तिची ख्याती झाली. अब्बांना मी हे समजावून सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मतलब रजाई शिवली त्यांनी."

मग सगळीकडेच नळ का टाकत नाहीत, असे कुणी विचारील. याचे उत्तर साधे आहे. नळाचा सारा खर्च आधी करावा लागतो आणि तो वर्षानुवर्षे भरून वाहिला तरच परवडतो. विहीर नवी आहे, तिचे पाणी अजून जोखायचे आहे, विहिरी लहान आणि दूरदूर आहेत, तिथे टँकरच बरा. तेल आटले तर टँकर दुसरीकडे जातो. पुरलेला नळ तिथेच राहतो. दुसरी गोष्ट अशी की नळाला थांबता येत नाही. जड तेल नळात उभे राहिले की थिजते आणि थिजलेला शेकडो किलोमीटरचा नळ पुन्हा वाहता करणे हे महासंकट. टँकर थांबू शकतो. अब्बा नमाजाला थांबत, चहाला थांबत, घाटात धुके असले तर रात्रभर थांबत.

आणि धोका दोन्हीकडे आहे. टँकर उलटला, पेटला तर रस्त्यावरची माणसे होरपळतात. नळ सहसा बिनबोभाट चालतो, पण दुर्लक्ष झाले तर तोही घात करतो. २७ जून २०१४ रोजी आंध्रातल्या नगरम गावात वायूची पाइपलाइन फुटून वीसहून अधिक माणसे गेली. तरीही रोज मोठ्या प्रमाणावर तेल न्यायचे असेल, तर नळ स्वस्त आणि सुरक्षित हे मान्य करावेच लागते. मी टँकरवाल्याचा मुलगा असूनही ते मान्य करतो.

आता आमच्या घरावर येतो. फर्नेस ऑइलची खेप सोडून अब्बा पुढे मुंबईच्या एका वाहतूकदाराकडे लागले. तुर्भ्याला, ट्रॉम्बेच्या बाजूला, डिझेल भरायचे आणि कसारा घाट चढून नाशिक-खानदेशात उतरवायचे. महिन्या-दीड महिन्यातून एकदा ते वर्ध्याला येत. पगार थोडका. खरी कमाई खेपेमागच्या भत्त्याची. त्या भत्त्यावर माझे शिक्षण झाले, दोन बहिणींचे निकाह झाले. कसारा घाटात टँकर उलटल्याची बातमी आली की अम्मी जेवत नसे. तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. गाडीचा नंबर कळेपर्यंत दोन-दोन दिवस जात.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईहून मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत पेट्रोल-डिझेलची पाइपलाइन सुरू झाली. तेल घाटाखालून, डोंगराच्या अंगातून येऊ लागले. खानदेशाचे टँकर पानेवाडीतूनच भरू लागले. देशाच्या दृष्टीने उत्तम झाले. अम्मीच्या दृष्टीने तर ती अल्लाची मेहरबानीच. पण अब्बांची खेप निम्म्याहून लहान झाली आणि भत्ताही तसाच आटला. वाहतूकदाराने गाड्या कमी केल्या. पन्नाशी ओलांडलेल्या ड्रायव्हरला कोण ठेवणार? अब्बा परत आले आणि वर्ध्यात सायकल दुरुस्तीचे दुकान टाकून बसले. दुकान कधी नीट चालले नाही. पण ते रोज रात्री घरी जेवत होते, हेही तितकेच खरे. अम्मीच्या चेहऱ्यावर त्या वर्षांत जी शांती मी पाहिली, ती आधी कधी पाहिली नव्हती.

टँकरचा धंदा धुतल्या तांदळासारखा होता, असेही मी म्हणणार नाही. नळ जिथे संपतो तिथून पुढे पुन्हा टँकरच लागतो आणि तिथे चोरी शिरते. २५ जानेवारी २०११ रोजी याच पानेवाडीजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे तेलातली भेसळ पकडायला गेले आणि त्यांना जिवंत जाळण्यात आले. ती बातमी ऐकून अब्बांनी रेडिओ बंद केला. दोन दिवस ते दुकानात गेले नाहीत.

हे सारे वर्ध्यात बसून लिहिताना मगनवाडी आठवल्याशिवाय राहत नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथे स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. जमनालालजींनी दिलेल्या त्या बागेत झवेरभाई पटेलांनी तेलाच्या घाणीवर प्रयोग केले. गिरण्यांनी गावच्या तेल्याचा धंदा बुडवला होता. जुन्या घाणीपेक्षा कमी कष्टात जास्त तेल देणारी सुधारलेली घाणी बनवून तेल्याला उभे करायचे, हा त्यांचा प्रयत्न. गांधीजींचा विरोध यंत्रापेक्षा यंत्राच्या वेडाला होता. यंत्र आले की कुणाचे हात रिकामे होतात, हे आधी मोजा, एवढे त्यांचे सांगणे. घाणीने गिरणीला हरवले नाही, हे आपण जाणतो. पण हिशेबाच्या वहीत तेल्याचे नाव लिहिणारी माणसे याच गावात होती.

पाइपलाइनच्या हिशेबात कुणाचे नाव असते? शेतकऱ्याचे असते. १९६२ चा पेट्रोलियम पाइपलाइनविषयीचा कायदा आहे. त्यानुसार जमीन शेतकऱ्याचीच राहते. सरकार फक्त वापरण्याचा हक्क घेते. त्यासाठी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम आणि पिकाचे वा इतर काही नुकसान झाल्यास त्याची वेगळी भरपाई. नळ पुरल्यावर त्या पट्ट्यात कापूस, तूर, सोयाबीन घेता येते. मात्र विहीर खणता येत नाही, घर बांधता येत नाही आणि झाड लावता येत नाही. कपाशीवाल्याला हे चालून जाईल. पण आपल्या आर्वी, आष्टी, कारंजाकडच्या संत्रा बागायतदाराला विचारा. त्याच्या बागेतून असा पट्टा गेला तर तिथे पुन्हा संत्र्याचे रोप लागणार नाही. दहा टक्क्यांचा हिशेब त्याला कसा पटेल? तरी निदान त्याची कायद्याच्या कागदावर नोंद आहे. तो भांडू शकतो, वाढीव मागू शकतो.

गाडीवाल्याची नोंद मात्र कुठेच नाही. पिटहोलमध्ये नव्हती, बाकूत नव्हती आणि कसारा घाटातही नव्हती. पाइपलाइनचा खर्च मांडताना पोलाद धरतात, पंप धरतात, वीज धरतात, पीकसुद्धा धरतात. ज्याची खेप बंद होणार तो माणूस धरत नाहीत. पिटहोलच्या गाडीवानाने कुदळ उचलली. अब्बांनी पाना उचलला आणि सायकलीचे पंक्चर काढू लागले. नळ टाकूच नका, असे माझे म्हणणे नाही. एवढ्या कोटींच्या अंदाजपत्रकात त्या चालकांच्या पुढच्या दोन-चार वर्षांचा खर्च एका ओळीत मावला असता. त्याच डेपोत, त्याच नळाच्या देखरेखीवर त्यांना काम देता आले असते. तेलाची नस ज्यांना कळत होती अशी ती माणसे होती.

२०२३ मध्ये सेलूकडे एका नातेवाइकाच्या घरी जाताना मी अब्बांना समृद्धी महामार्ग दाखवायला नेले. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, पण रस्ता पाहून डोळे चमकले. या महामार्गाच्या पट्ट्यातूनच मुंबई-नागपूर वायुवाहिनी नेण्याची योजना आहे, त्यामुळे नव्याने शेते खणण्याचा प्रश्न बराचसा टळतो, हे मी त्यांना सांगितले. वायूचा नळ, तेलाचा नव्हे, हेही सांगितले. त्यांनी काठी टेकवून रस्त्याच्या कडेला जमिनीकडे पाहिले.

"याच्यावर ड्रायव्हर किती?" त्यांनी विचारले.

"एकही नाही, अब्बा. पंपावर आणि देखरेखीला थोडी माणसे."

"अन् रुकने की जगा?"

"नळ थांबत नाही, अब्बा."

त्यांनी मान हलवली. मग मनगटावरचा तो जुना डाग चोळत म्हणाले, "चल, चाय पिऊ कुठे तरी."

महामार्गावर तेव्हा चहाची टपरी नव्हती. आम्ही खाली उतरून सेलूच्या जुन्या रस्त्याला लागलो.